ठिबकच्या नळीतला बुळबुळीत थर



कुंडल भागात कुणाचा ऊस ठिबकवर, कुणाची द्राक्षबाग. मोटार चालू, प्रेशर बरोबर, तरी ओळीच्या टोकाची वेल सुकलेली दिसते. "पाण्यात कचरा आला असंल," असं आपण म्हणतो. पण लॅटरलची एंडकॅप काढा आणि पहिलं पाणी हातावर घ्या. बोटांना बुळबुळीत लागलं, तर तो नुसता कचरा नव्हे. तो जिवंत थर आहे.

हा थर दोघांच्या भागीदारीत तयार होतो. पहिलं शेवाळ. उघड्या शेततळ्यात, टाकीत ते उन्हावर आपलं अन्न स्वतः तयार करतं. त्यातलं थोडं पाण्यात पाझरतं. दुसरे जिवाणू. ते हे पाझरलेलं अन्न आणि मेलेलं शेवाळ खातात आणि कर्बवायू, नत्र, स्फुरद मोकळं करतात. ते पुन्हा शेवाळाला मिळतं. नदीतल्या दगडावरचा निसरडा थर असाच बनतो.

काळ्या नळीत ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळ तिथं वाढत नाही. पण पाण्याबरोबर आलेले त्याचे तुकडे जिवाणूंची शिदोरी होतात. जिवाणू नळीला चिकटून डिंकासारखा चिकटा सोडतात, त्यात गाळ अडकतो आणि ड्रीपरची बारीक वाट बुजते. म्हणजे दुखणं नळीत, पण मूळ तळ्यात!

तेव्हा असं करा :

१) टाकी झाकून ठेवा. लहान तळ्यावर शेडनेटची सावली करा.

२) फूटव्हॉल्व्ह तळाच्या गाळात नको, वरच्या शेवाळातही नको. रिकाम्या पिंपाला बांधून तो मधल्या पाण्यात ठेवा.

३) सँड फिल्टर उलट्या पाण्यानं नेमानं धुवा. दर आठ-पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून निवळ पाणी येईपर्यंत सोडा.

४) तरीही थर राहिला तर १००० लिटर पाण्यास ६० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर या हिशेबानं द्या. पावडर बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं पाणी गाळून खताच्या टाकीतून सोडा. अर्धा ते एक तास नळ्यांत राहू द्या, मग टोकं उघडून धुऊन काढा.

सावधान! ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो. खत, औषधही त्याबरोबर सोडू नका.

शेवटी, ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि टोकाला एकसारखी भांडी सारखाच वेळ लावून पाहा. पाणी सारखं भरलं, म्हणजे वाट मोकळी झाली.