‘देव पाहून घेईल’ : एका क्रियापदाचा मागोवा

‘देव पाहून घेईल’ असे आपण मराठीत सहज म्हणतो, आणि बहुधा हात टेकल्यावरच म्हणतो. ख्रिस्ती धर्मातील ईश्वरी योजनेवरच्या विश्वासाचा अभ्यास करताना हेच क्रियापद मला त्या विश्वासाच्या मुळाशी सापडले. बायबलमधील उत्पत्ती या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघतो. यज्ञाचे कोकरू कुठे आहे, असे मुलगा विचारतो. त्याचे देव पाहील, असे बाप सांगतो. पुढे त्या जागेला ‘यहोवा यिरे’ हे नाव मिळते. यातील ‘यिरे’ हे पाहणे या अर्थाच्या हिब्रू धातूचे रूप. पाहणे आणि तरतूद करणे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. या कल्पनेसाठी लॅटिनमध्ये रूढ झालेल्या ‘प्रोव्हिडेन्शिया’ या शब्दाचा मूळ अर्थही पुढचे पाहणे असाच आहे.

म्हणून या विश्वासाला नियतिवाद म्हणता येत नाही. नियती कोणाकडे पाहत नाही. तिच्याशी भांडता येत नाही, तिची प्रार्थनाही करता येत नाही. ईश्वराच्या सत्तेवर सर्वाधिक भर देणाऱ्या कॅल्व्हिननेही आपल्या प्रमुख ग्रंथाच्या १५५९च्या अंतिम आवृत्तीत हा फरक स्पष्ट केला आहे. देव सारे चालवतो म्हणून माणसाने खबरदारी सोडावी, हे त्याला मान्य नाही. सावधगिरी आणि उपाय हीदेखील देवाचीच साधने आहेत, असे तो मानतो.

पण देव पाहत असेल, तर दुष्काळ का पडतात? माणसे अकाली का मरतात? बायबलमधील दोन कथा इथे शेजारी ठेवून वाचाव्यात. योसेफाला त्याच्या भावांनी विकले. पुढे तो मिसरात अधिकारपदावर पोचला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिले. तुम्ही वाईट योजले, देवाने त्यातून चांगले घडवले, असे तो शेवटी त्यांना म्हणतो. दुसरी कथा ईयोबाची. मुले, संपत्ती, आरोग्य गमावलेल्या या माणसाला त्याचे मित्र त्याच्या दुःखाचे कारण समजावत बसतात. अखेरीस देव बोलतो तेव्हा तो कारण सांगतच नाही. उलट मित्रांवरच रागावतो. तक्रार करणारा ईयोब मात्र त्याला चालतो.

या दोन कथांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. योसेफ बोलतो ते स्वतःच्या जखमेबद्दल. मित्र बोलतात ते दुसऱ्याच्या.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा फरक दिसतो. तरुण वयात दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ आणि १८८२मध्ये पती गेले. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मागे वळून पाहताना या सगळ्या वाटचालीत त्यांना देवाचा हात दिसला. त्यांचा हा विश्वास निष्क्रिय नव्हता. १८९७च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्या कामाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांपुरती ठरलेली होती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवली होती. हिंदुस्थानातही तसा भरवसा का ठेवू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वेळी केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. प्रार्थना आणि पहार यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आणलेल्या मुलींपैकी कित्येक जगल्या नाहीत, हेही खरे. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये स्वतः रमाबाई गेल्या. त्याआधी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले होते. त्या दुष्काळांचा हेतू मुक्ती सदन उभे राहावे हा होता, असे कोणी म्हटले तर ते मला पटणार नाही. तो ईयोबाच्या मित्रांचा हिशेब झाला. भुकेने मेलेल्या मुलीला दुसऱ्या कोणाच्या चरित्रातील पायरी करणे हा अन्याय आहे. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातही घडते ते सारे चांगलेच, असा दावा नाही. घडणाऱ्या साऱ्यातून देव कल्याण साधतो, एवढीच ग्वाही आहे.

म्हणून मला वाटते, ‘यात देवाची योजना आहे’ हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. ज्याने सोसले त्याने ते म्हणावे, आणि म्हणण्याइतका वेळ त्याला द्यावा. इतरांनी तोवर शेजारी बसावे, भाकरी द्यावी, विहीर खणावी. देव पाहून घेईल, असे म्हणणाऱ्याने स्वतः डोळे मिटून घेऊ नयेत, एवढी अपेक्षा ही श्रद्धा नक्कीच करते.