इग्वानाचं घर : आधी उंची बघा

दुकानातलं हिरव्या इग्वानाचं पिल्लू वीतभर असतं, म्हणून माशांच्या टाकीएवढी काचपेटी पुरेल असं वाटतं. पुरत नाही. काही वर्षांतच हा प्राणी शेपटीसकट दीड मीटरच्या आसपास पोचतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत तो बहुधा पाण्याकाठच्या झाडांवर राहतो. म्हणून पिंजऱ्याची उंची आधी बघावी. पूर्ण वाढलेल्याला सुमारे दोन मीटर उंच, जवळपास तेवढाच लांब आणि मीटरभर खोल पिंजरा हवा. थोडक्यात, कपाटच! आत त्याचं वजन पेलतील अशा जाड, तिरक्या फांद्या.

वरच्या फांदीवर ऊन खायची जागा ३५ ते ३८ अंश सेल्सिअस असावी, खालचा भाग त्याहून बराच थंड. दिवा जाळीबाहेर, नाहीतर प्राणी भाजतो. बंद खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका. काच अतिनील-बी किरण अडवते. त्यांच्याविना ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. त्यासाठी वेगळी ट्यूब लागते. ती पेटत राहिली तरी हे किरण ओसरत जातात, म्हणून ठरावीक काळानं बदलावी.

भारतात इग्वाना पाळायचा तर ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. आणि घरात कपाटाएवढी जागा नसेल, तर आणूच नका.