बुकर हुकलं, नोबेल गवसलं!

२०२१चं साहित्याचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ‘हे कोण बुवा?’ असं म्हणत अनेक वाचकांनी अब्दुलरझाक गुर्ना यांची पुस्तकं शोधायला सुरुवात केली. निर्वासित ते प्राध्यापक, समीक्षक आणि कादंबरीकार अशा या प्रवासातल्या काही गमतीच्या, काही थक्क करणाऱ्या गोष्टी!

फोन आला, पण विश्वास बसेना
७ ऑक्टोबर २०२१. गुर्ना स्वयंपाकघरात चहा करत होते, तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी काहीतरी गळ्यात मारायला बघतंय, असंच त्यांना वाटलं. निघाली नोबेल देणारी स्वीडिश अकादमी!

अठराव्या वर्षी घर सुटलं
जन्म १९४८चा, झांझिबार बेटावरचा. १९६४च्या क्रांतीनंतर तिथे अरब वंशाच्या लोकांचा छळ सुरू झाला. त्यामुळे गुर्नांनी इंग्लंड गाठलं. बेटावर पुन्हा पाऊल पडलं ते थेट १९८४मध्ये. वडिलांची भेट झाली, तीही त्यांच्या मृत्यूच्या थोडीच आधी.

लेखक आणि नायक, दोघेही वॉर्डबॉय
सुरुवातीच्या काळात गुर्नांनी इस्पितळात वॉर्डबॉयचं काम केलं. ‘पिलग्रिम्स वे’ (१९८८) या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीचा नायक दाऊद कँटरबरीतल्या इस्पितळात हेच काम करतो. शिवाय पक्का क्रिकेटवेडा!

पोटापाण्याला समीक्षा
पश्चिम आफ्रिकी कथासाहित्याच्या समीक्षेवर त्यांनी १९८२मध्ये केंट विद्यापीठाची पीएचडी मिळवली. नायजेरियातल्या कानो इथे शिकवलं आणि मग निवृत्तीपर्यंत केंटमध्येच प्राध्यापकी केली. आफ्रिकी लेखनावरच्या निबंधांचे दोन खंड त्यांनी संपादित केले. सलमान रश्दींवरच्या केंब्रिजच्या समीक्षाग्रंथाचे (२००७) संपादकही तेच.

बुकरची हुलकावणी
१९९४मध्ये ‘पॅराडाइज’ ही कादंबरी बुकरच्या अंतिम यादीत पोहोचली, पण बक्षीस जेम्स केलमन यांनी नेलं. २००१मध्ये ‘बाय द सी’ लांबलचक पहिल्या यादीतच थांबली. गंमत म्हणजे २०१६मध्ये याच बुकरच्या परीक्षक मंडळात गुर्ना बसले होते!

आफ्रिकेतला सरदारजी
‘पॅराडाइज’मध्ये कालासिंगा नावाचा एक शीख मेकॅनिक भेटतो. त्याचा मनसुबा काय, तर कुराणाचं स्वाहिलीत भाषांतर करायचं! पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब, भारतीय, आफ्रिकी असे सगळे एकमेकांत कसे मिसळले होते, हे हा एकटा पठ्ठ्या सांगून जातो.

मायबोलीला उशीर
गुर्नांची मातृभाषा स्वाहिली, लेखन मात्र इंग्रजीत. ‘पॅराडाइज’ स्वाहिलीत आली ती नोबेलनंतर, २०२२मध्ये, ‘पेपोनी’ या नावाने.

नोबेलनंतरही लेखणी चालूच
१९८७मध्ये पहिली कादंबरी आली, तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. २०२५मध्ये आली ‘थेफ्ट’, तेव्हा वय होतं ७६!

सुरुवात कुठून करायची?
‘पॅराडाइज’पासून. बापाच्या कर्जापायी व्यापाऱ्याकडे गहाण पडलेल्या युसुफची ही कहाणी पहिल्या महायुद्धापर्यंत येऊन ठेपते. मग ‘आफ्टरलाइव्ह्ज’ (२०२०) घ्या. जर्मनांच्या ताब्यातली पूर्व आफ्रिका आणि त्यांच्या फौजेत लढलेले आफ्रिकी शिपाई तिथे भेटतील. बुकरच्या परीक्षकांचं काय हुकलं, हे या दोन पुस्तकांत कळतं.