वर्तुळाकृति नागरी टाइप आणि बोरूचें वळण

ग्रंथांचीं मुखपृष्ठें, दुकानांच्या पाट्या, संस्थांच्या सूचींचीं शीर्षकें यांवर अलीकडे एक विशिष्ट अक्षरवळण वारंवार दिसूं लागलें आहे. रेघेची जाडी सर्वत्र सारखी, गोलाई कंपासानें आंखल्यासारखी, टोंकें सरळ छाटलेलीं, असें त्याचें बाह्य रूप असतें. त्यास या लेखापुरतें आपण ‘वर्तुळाकृति वळण’ म्हणूं. पोथ्या हाताळण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांपैकीं पुष्कळांस तें परकी वाटतें. उलट कांहीं नव्या आरेखकांची समजूत अशी कीं, कंपास हातीं आला म्हणजे बोरूची गरज उरली नाहीं. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्या, आणि असें वळण एकाहून अधिक लिप्यांसाठीं घडवितांना कोणत्या अडचणी येतात त्या सांगाव्या, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

परकीपणाचा आक्षेप आधीं घेऊं. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतील अशोकाचे लेख ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ब्राह्मी लिपि बहुतांशीं एकाच जाडीच्या रेघांची आहे हें सांगावयास नको. तींत ‘क’ म्हणजे परस्परांस छेदणाऱ्या दोन रेघा, ‘ग’ म्हणजे माथ्याशीं मिळणाऱ्या दोन तिरप्या रेघा, ‘थ’ म्हणजे मध्यें बिंदु असलेलें वर्तुळ आणि ‘ठ’ म्हणजे निव्वळ वर्तुळ. पुढील शतकांत इतर अक्षरांनीं इतकीं रूपें पालटलीं कीं मूळ ओळखूं येऊं नये. ‘ठ’नें मात्र आपलें वर्तुळ टाकलें नाहीं. त्यावर शिरोरेषा आली आणि तिला जोडणारी लहानशी मान आली, एवढेंच. युरोपांत या वळणाचा नमुना मानला जाणारा ‘फ्युचुरा’ टाइप पाउल रेनर यानें जर्मनींत १९२७ सालीं बाहेर आणला. आपलें वर्तुळ त्याहून दोन हजार वर्षांनीं वडील आहे. तेव्हां भूमिति परकी, हा आक्षेप टिकत नाहीं.

दुसरी समजूत मात्र अधिक घातक आहे. ब्राह्मीपासून बाळबोधीपर्यंत अक्षर ज्या वाटेनें आलें ती वाट लेखणीची. बोरूचें टोंक तिरपें कापलेलें असतें. तें एका कलानें धरून ओढलें म्हणजे रेघ दिशेप्रमाणें आपोआप जाड किंवा बारीक होते. रोमन लेखणीचा कल व नागरी बोरूचा कल परस्परविरुद्ध असल्यामुळें रोमन गोलाई जेथें जाड होते तेथें नागरी गोलाई बारीक होते. ही जाडबारीक रेघ केवळ शोभेची नव्हे. गोलाई दंडास मिळते तेथें ती निमुळती होते, म्हणून सांधा मोकळा राहतो आणि अक्षर दुरून ओळखूं येतें. सर्व रेघा एका जाडीच्या केल्या कीं ही सोय जाते आणि प्रत्येक सांध्याशीं शाई साचल्यासारखा काळेपणा दिसतो. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांतील भेद शिरोरेषेच्या लहानशा खंडावर किंवा एका गांठीवर अवलंबून आहे. ठळक वळणांत तो खंड बुजला तर अक्षरच बदललें. ‘ख’चे दोन भाग खालीं जोडले नाहींत तर ‘रव’ वाचला जातो, हेंही सर्वांस ठाऊक आहे.

शिवाय डोळ्याचें माप आणि पट्टीचें माप एक नसतें. आडवी रेघ उभीइतकीच जाड आंखली तर ती अधिक जाड दिसते. वर्तुळ चौकोनी आकृतीइतकेंच उंच ठेवलें तर तें लहान दिसतें. म्हणून त्यास रेषेबाहेर किंचित् जाऊं द्यावें लागतें. रेनर यानेंही आरंभीं काटेकोर भौमितिक अक्षरें आंखलीं होतीं. परंतु त्यांतील कित्येक विचित्र रूपें पुढें गाळावीं लागलीं. कंपास हा या कामाचा आरंभ आहे, निकाल नव्हे.

नागरींतील ताजें उदाहरण ‘पॉपिन्स’ या टाइपाचें. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनें तो २०१४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील नागरी अक्षरें निनाद काळे यांनीं व रोमन अक्षरें जॉनी पिनहॉर्न यांनीं आंखलीं. दोन्ही लिप्यांचा पाया वर्तुळ हाच. तरी जेथें रेघा मिळतात तेथें जाडी कमी करून ओळीचा काळेपणा समतोल राखिला आहे. उंचीचा प्रश्न त्यांनीं सोडविला तो लक्षांत घेण्याजोगा आहे. रोमन लिपींत लहान व मोठीं अशीं दोन प्रकारचीं अक्षरें. नागरींत हा भेद नाहीं, परंतु वर वेलांट्या व अनुस्वार, खालीं उकार व जोडाक्षरें. येथें नागरी अक्षराची उंची रोमन लहान अक्षरांच्या वर जाणाऱ्या दंडाइतकी धरिली, रोमन मोठीं अक्षरें तिच्याहून ठेंगणीं केलीं, आणि रोमन लहान अक्षरांचें अंग बरेंच उंच ठेविलें. त्यामुळें दोन लिप्या एका ओळींत आल्या असतां एक दुसरीस दडपीत नाहीं.

अशा टाइपाची परीक्षा करावयाची तर पंढरपुरासारखें ठिकाण नाहीं. ‘विठ्ठल’ हा एकच शब्द घ्या. ‘व’चें वर्तुळ दंडास चिकटलेलें, म्हणून एका बाजूनें कापलेलें, ‘ठ’चें वर्तुळ मोकळें व पूर्ण. पुढें ‘ठ्ठ’मध्यें एका वर्तुळाखालीं दुसरें. दोन्ही पूर्ण मापाचीं ठेवलीं तर खालचें पुढील ओळींत शिरतें. दोन्ही आकुंचित केलीं तर ठळक जाडींत आंतील पोकळी बुजते. उपाय एकच: वर्तुळें थोडीं चपटीं करावयाचीं आणि त्यांची रेघ इतर अक्षरांहून बारीक घ्यावयाची. म्हणजे नियम मोडावयाचा, परंतु तो मोडला आहे असें दिसूं द्यावयाचें नाहीं. ज्यास हें साधत नाहीं तो पायमोडका ‘ठ्’ काढून मोकळा होतो, आणि देवाच्या नांवाचे दोन तुकडे पडतात.

दुसरा शब्द ‘चौऱ्यांशी’. श्रीविठ्ठलमंदिरांतील शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) चा यादवकालीन शिलालेख याच नांवानें प्रसिद्ध आहे, त्या शिळेस पाठ घासली असतां चौऱ्यांशीचा फेरा चुकतो, अशी लोकसमजूत. या शब्दांतील ‘ऱ्य’ हें अक्षर मराठीस आवश्यक आहे. त्यावांचून ‘आचार्यांचा’ व ‘आचाऱ्यांचा’ यांत भेद राहत नाहीं. युनिकोडांत या ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान असूनही पुष्कळ टाइपांत त्याचें अर्धें रूप ओबडधोबड असतें. ‘श’ व ‘ल’ यांची गोष्ट निराळी. मराठी वळणाचा देठयुक्त ‘श’ व पाकळीयुक्त ‘ल’ हींच रूपें मराठींत वापरावीं, असें महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं ठरविलें व २०२२ सालीं पुन्हां सांगितलें. परंतु मराठी ‘ल’ व हिंदी ‘ल’ यांस युनिकोडांत स्थान एकच. आरेखकानें दोन्ही रूपें आंखून भाषेप्रमाणें योग्य तें निवडण्याची सोय टाइपांतच केली, तरच मराठी रूप छापलें जातें. पाकळी वर्तुळांत सहज बसत नाहीं. म्हणूनच या वळणांत तीवर गदा लवकर येते.

आतां लिप्यांच्या सहवासाविषयीं. याच मंदिरांतील तुळईवर शके ११५९ (इ. स. १२३७) चा होयसळ सोमेश्वराच्या काळचा लेख संस्कृत व कानडी अशा दोन भाषांत आहे. कर्नाटकांतील वारकरी आजही येथें येतात. त्यामुळें पंढरपुरास कानडी व नागरी हीं शेजारीं शेजारीं लिहिण्याचा प्रसंग नेहमींचाच. कानडी अक्षर मुळांतच गोल. त्यास सलग शिरोरेषा नाहीं, बहुतेक अक्षरांवर स्वतंत्र ‘तलकट्टु’ असतें, आणि जोडाक्षरांतील दुसरें व्यंजन खालीं लोंबतें. नागरीचें वर्तुळ उचलून तेथें ठेवलें तर अक्षर कानडी राहत नाहीं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं ‘बालू’ नांवाचा जाड, गुबगुबीत शीर्षक-टाइप नऊ भारतीय लिप्यांत व रोमनांत केला. तो कंपासाचा नव्हे. पण त्यांतील धोरण अनुकरणीय आहे. बहुतेक लिप्यांस त्या त्या भाषेंतील भावाचें नांव दिलें आहे: गुजरातीस ‘भाई’, गुरुमुखीस ‘पाजी’, बंगालीस ‘दा’, कानडीस ‘तम्मा’. घराणें एक, चेहरे निराळे. मोडीस युनिकोडांत २०१४ सालीं स्थान मिळालें. तिची शिरोरेषा ओळभर आधीं ओढून मग अक्षरें तींत अडकविलेलीं असत. तेव्हां मोडीच्या वर्तुळाकृति टाइपांत अक्षरापेक्षां अक्षरांमधील सांधा आधीं आंखावा लागेल.

सारांश, हें वळण शीर्षकास, पाटीस, मुखपृष्ठास योग्य. पोथीच्या संहितेस किंवा दीर्घ वाचनास आम्ही तें सुचविणार नाहीं. परंतु तें मराठींत चांगलें व्हावें अशी इच्छा असेल तर त्याचीं प्रमाणें आपल्या दप्तरांतच आहेत. दाटीच्या ओळींत लेखकानें ‘ठ्ठ’ कसा बसविला, ‘ऱ्य’ किती रुंद घेतला, ‘श्री’ची पोकळी कशी राखली, हें प्रत्येक पोथींत बोरूनें लिहून ठेविलें आहे. सूची करतांना आपण पत्रसंख्या, ओळी, काल व लेखकाचें नांव नोंदवितों. त्यांतच या दोनचार अक्षरांचें, मापासह घेतलेलें, एक छायाचित्र जोडावें. नोंदीस लागणारा वेळ थोडा आहे, आणि आरेखकास तें इतरत्र कोठें मिळणार नाहीं. तें न मिळाल्यास तो परभाषेच्या नमुन्यावरून मराठी अक्षर आंखील, आणि त्याचा दोष त्यास देतां येणार नाहीं.