गोल्ड कोस्ट
ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील उपोष्ण कटिबंधीय किनारी प्रदेश व पर्यटनकेंद्र. तो ब्रिस्बेनच्या आग्नेयीस पॅसिफिक किनाऱ्यावर वसला आहे. त्याच्या पश्चिमेकडील डोंगर सु. २·३ कोटी वर्षांपूर्वीच्या ट्वीड ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनले असून, समुद्रावरील बाष्पयुक्त वारे तेथे अडून विपुल पर्जन्य पडतो. त्यामुळे स्प्रिंगब्रुक राष्ट्रीय उद्यानातील सु. १०० मी. उंचीच्या पर्लिंग ब्रुकसारखे धबधबे व लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानातील (स्था. १९१५) घनदाट वर्षावने आढळतात. ही वने १९९४ पासून जागतिक वारसास्थळात मोडतात. धबधबे उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) भरून वाहतात. पदभ्रमणास कोरडा हिवाळा (जून ते ऑगस्ट) सोयीचा असतो. सप्टेंबर २०१९ मधील वणव्याची झळ लॅमिंग्टनच्या वर्षावनांनाही पोहोचली. दीर्घ अवर्षणात अशी ओली वनेही सुरक्षित राहत नाहीत, हे त्यावरून दिसून आले.