पिळलेल्या पट्टीचा माग

दुकानाच्या शटरची पट्टी, कारखान्याच्या छपराखालचा झेड पर्लिन, सोलर पॅनेलला आधार देणारा सी सेक्शन हे सगळे रोल फॉर्मिंग मशीनवर तयार होतात. कॉइलमधून सुटलेला सपाट पत्रा न तापवता रोलच्या जोड्यांमधून, म्हणजे एकामागून एक स्टँडमधून, पुढे सरकतो आणि प्रत्येक जोडी त्याला थोडा थोडा वाकवत नेते. शेवटी पट्टी सरळ करणारा हेड आणि त्यापुढे कटर असतो. माल बिघडला की पट्टी वर-खाली कमान धरते, आडवी वळते, तिला पीळ पडतो किंवा कडेला लाटा उठतात. हे दोष मशीनच्या शेवटाला दिसतात, म्हणून ऑपरेटरचा पाना आधी शेवटच्या हेडवरच चालतो. त्या हेडला सर्वांत शेवटी हात लावावा, असे माझे ठाम मत आहे, कारण बहुतेक वेळा बिघाड आधीच्या एखाद्या स्टँडमध्ये होऊन गेलेला असतो.

याचा पुरावा साध्या भूमितीत आहे. पत्र्याची कड १ मीटरच्या प्रवासात ५० मिमी वर उचलली, तर तिची तिरकी वाट सुमारे १००१.२५ मिमी भरते, मधला भाग मात्र १००० मिमीच चालतो. म्हणजे कड ०.१२५ टक्के लांबते. २५० मेगापास्कल यील्डचे पोलाद जेमतेम इतकाच ताण सोसून पुन्हा मूळ लांबीवर येते. त्यातही ही उचल मीटरभर सारखी वाटली जात नाही, ती प्रत्येक रोलच्या तोंडाशी एकवटते. कड कायमची लांबली की ती जादा लांबी लाटांच्या रूपाने बाहेर पडते. अशा काठावरच्या हिशेबात एखादा स्टँड किंचित बाजूला सरकलेला किंवा तिरका बसलेला असेल, तर दोन्ही कडांची वाट सारखी राहत नाही. २०० मिमी रुंद पट्टीची एक कड ६ मीटरमध्ये दुसरीपेक्षा अवघी ०.६ मिमी जास्त लांबली, तरी त्या लांबीच्या मध्यावर पट्टी सव्वादोन मिमी बाक घेते. डोळ्याला न दिसणारी चूक मालात जवळजवळ चौपट होऊन दिसते ती अशी.

म्हणून तपासाची सुरुवात मशीन बंद ठेवून, रोलच्या स्क्रूंना हात न लावता व्हायला हवी. पहिला संशय थ्रस्ट बेअरिंगवर घ्यावा. शाफ्ट लांबीच्या दिशेने हलत असेल, तर पुढची सगळी मापे व्यर्थ जातात. डायल गेज लावून शाफ्ट आत-बाहेर ढकलला की ते लगेच कळते. मग ड्राइव्हच्या बाजूचे शोल्डर पाहावेत. रोल आणि स्पेसर ज्या टेकूवर बसतात ते हे शोल्डर पहिल्या स्टँडपासून शेवटच्यापर्यंत एका रेषेत लागतात, आणि वरच्या शाफ्टचा शोल्डर खालच्याशी जुळलेला लागतो. ताणून बांधलेली बारीक तार त्यासाठी पुरते. चुकलेल्या ठिकाणी शिम टाकून रेषा जुळवावी. खालचे शाफ्ट लेव्हलमध्ये आहेत का आणि एकमेकांना समांतर आहेत का, हे त्यानंतर. रोलमधली गॅप फीलर गेजने दोन्ही बाजूंना मोजायची पाळी त्याच्याही नंतर येते. एकीकडची गॅप पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी ठेवली, तर तिथला पत्रा चेपून लांबतो, आणि पीळ किंवा आडवे वळण त्यातूनच जन्मते. एंट्री गाइड तिरका असेल, तर पत्रा पहिल्याच रोलमध्ये वाकडा शिरतो.

यावर एक आक्षेप हटकून येतो: मशीन ठीक आहे, कॉइलच वाकडी आहे. तो खोटा नसतो. स्लिटिंगमध्ये पट्टीला बाक येतो आणि तिच्या दोन कडांची जाडीही वेगळी असू शकते. पण या वादाचा निकाल लावता येतो. पत्र्याचा एक तुकडा कापावा, एका वेळी निदान तीन स्टँडमध्ये राहील इतका लांब. त्याची डावी कड खुणेसाठी रंगवून तो मशीनमधून काढावा. त्याच कॉइलचा दुसरा तुकडा मागचे टोक पुढे करून घालावा. वरची बाजू वरच राहते, त्यामुळे रंगीत पत्र्यालाही ही चाचणी चालते; डाव्या-उजव्या कडा मात्र बदलतात. वळणाने बाजू बदलली तर दोष कॉइलचा, त्याच बाजूला राहिले तर मशीनचा. कापलेल्या तुकड्याची टोके एरवीपेक्षा जास्त फाकतात, तेव्हा माप मधल्या भागाचेच घ्यावे.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. ऑर्डर तुंबलेली असताना अर्धी पाळी मशीन उभे ठेवणे कुणाला परवडणार? अनुभवी सेटर हेड फिरवून पाच मिनिटांत पट्टी सरळ करतो, हेही खरे. त्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण हेडने पट्टी उलटी वाकवली, तरी आतला ताण बराचसा तसाच राहतो. पट्टी कापली किंवा पुढे तिच्यात भोके पाडली की तो मोकळा होतो आणि साइटवर बोल्ट बसेनासा होतो. शिवाय यील्ड थोडे वेगळे असलेली पुढची कॉइल लागली, की हेड पुन्हा नव्याने फिरवावा लागतो. पाच-पाच मिनिटांचा असा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो.

लेझर आल्यावर तार आणि फीलर गेज कशाला, असेही विचारले जाते. लेझर घ्यावा, तो रेषा लवकर आणि नेमकी दाखवतो. पण तो उभ्या, रिकाम्या मशीनची रेषा दाखवतो. पत्रा आत शिरला की शाफ्ट लवतो. तेवढ्याच भाराखाली आधारांमधले अंतर दुप्पट झाले तर शाफ्टचा झोल आठपट होतो आणि व्यास निम्मा झाला तर सोळापट. छपराच्या रुंद पत्र्याच्या मशीनवर दोन्ही टोकांची गॅप बरोबर असूनही मध्ये रोल उघडतात, ते यामुळेच. तिथे पत्रा आत असताना मशीन थांबवून, वीज तोडून, मधली गॅपही मोजायला हवी. हे सगळे जुळल्यावर स्क्रूंची स्थिती, शिमची जाडी आणि कॉइलची प्रत सेटिंगच्या वहीत उतरवावी. मग हेड पूर्ण मोकळा ठेवून एक पट्टी काढावी आणि तिच्यात जेवढा बाक उरेल तेवढ्यापुरताच तो आवळावा.