खंडेनवमीची पूजा आणि मुका पॅड

खंडेनवमीस वाद्यपूजन करण्याचा आमच्या घरचा परिपाठ जुना आहे. एके वर्षी पखवाजाशेजारी शिष्याचा ऑक्टोपॅड मांडला होता. आम्ही भक्तिभावाने त्यावरही पळीभर पाणी व कुंकू वाहिले. सायंकाळी कीर्तनात आठांपैकी एक पॅड मुका!

दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून दाखविला. रबराखाली एक पातळ चकती असते. काठीचा आघात ती विजेच्या संकेतात पालटते. तिच्या जोडणीत आमचे तीर्थ शिरले होते! उन्हाने रबर कडक होते. पेडलची स्प्रिंग ढिली पडते, कळ धुळीने अडते, तार ओढाताणीने तुटते.

मग या वाद्याचे आयुष्य किती? वर्षांचा हिशेब सांगता येत नाही. ते वापरावर व निगेवर ठरते. पखवाजाची कणीक आपण वादनानंतर खरवडतो, फाटलेली पुडी बदलतो, म्हणून खोड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पॅडची चकती, पेडलची कळही सुटे भाग मिळतात तोवर बदलता येतात.

वाचकहो, यंदा आमची गंधफुले शेजारच्या पाटावर राहतील. पॅडच्या वाट्याला कोरडे फडके.